मध, मंत्र आणि माउली

माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. आश्विनातली रात्र, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली, आणि तिसऱ्या दिवशीही त्याचा ताप उतरत नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊन आणले होते. त्यांनी औषध बदलून दिले होते, "आजची रात्र जाऊ द्या," असे सांगितलेही होते. मी त्याच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवीत बसले होते. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि काहीतरी पुटपुटत नातवावरून ती मूठ उतरवू लागल्या. तीन रात्रींचे जागरण, त्यात नुकतीच कॉलेजात शिकवू लागलेल्या बाईचा ताठा! मी फणकाऱ्याने म्हटले, "आई, हे काय आता? डॉक्टरांचं औषध चालू आहे ना!"

सासूबाईंची मूठ थांबली नाही. दृष्ट काढून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, औषध तू दिलंस. मग मी काय नुसती बघत बसू?"

पहाटे ताप उतरला. तो औषधाने उतरला याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पण सासूबाईंचे ते वाक्य मात्र मनात रुतून बसले. त्याला उत्तर मला त्या रात्री सुचले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी ते सापडले, आणि तेही कोठे, तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये!

अंधारातून येणारी

आमच्या कॉलेजात एम. ए.च्या वर्गाला मी लोकसाहित्य शिकवते. एका वर्षी अंगाईगीतांवर बोलायचे होते. मुलाला निजवताना आई जे गुणगुणते त्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा कोणता, या प्रश्नाच्या मागे लागले असता बर्लिनच्या संग्रहालयातील एका इजिप्ती हस्तलिखिताचे भाषांतर हाती आले. या हस्तलिखिताचा क्रमांक ३०२७. आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने १९०१ साली ते प्रसिद्ध केले आणि त्याला 'आई व मूल यांच्यासाठी मंत्र' असे साधे नाव दिले. वेदना देणाऱ्या बाळंतपणापासून ते तान्ह्याच्या दुखण्याखुपण्यापर्यंत आईला ज्या ज्या गोष्टींची धास्ती वाटते, त्या सर्वांवरचे मंत्र त्यात आहेत.

त्यांतला एक मंत्र वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले. रात्रीच्या अंधारात कोणी एक अशरीर बाई घरात शिरते. तिचे नाक मागच्या बाजूला आहे, तोंड उलटे फिरलेले आहे. ती मुलाच्या बिछान्यापाशी येते. तेव्हा मंत्र म्हणणारी तिला एकेक प्रश्न विचारते. मुलाचा मुका घ्यायला आली आहेस का? घेऊ देणार नाही. त्याला उगी करायला आली आहेस का? करू देणार नाही. त्याला घेऊन जायला आली आहेस का? मुळीच नेऊ देणार नाही! मग ती आपल्याजवळची शस्त्रे सांगते. ती तरी कसली? कसली तरी औषधी पाला, लसूण आणि मध. मधाविषयीची कल्पना तर मोठी सुंदर आहे. जिवंत माणसांना जो गोड लागतो, तोच मध मेलेल्यांना कडू लागतो. तेव्हा मुलाच्या अंगाला मधाचा वास असला की ती फिरकणार नाही.

वाचकहो, या मंत्रात देवाची करुणा भाकलेली नाही. दारात पाय रोवून उभी असलेली एक बाई यमाशी हुज्जत घालते आहे. ती बोलते आहे तोवर मूल तिचे आहे.

त्याच हस्तलिखितातील इतर उपाय वाचून हसूही येते. एका दुखण्यावर शिजवलेला उंदीर मुलाला किंवा त्याच्या आईला खायला घालायचा, आणि त्याची हाडे तलम कापडात गुंडाळून, त्याला सात गाठी मारून मुलाच्या गळ्यात बांधायची! शिजवलेल्या उंदराने कोणाचे भले झाले असेल असे मला वाटत नाही. पण त्या सात गाठींपाशी मी पुन्हा थबकले. रात्री दिव्याच्या उजेडात, थरथरत्या बोटांनी एकेक गाठ मारीत बसलेली ती आई मला ओळखीची वाटली.

हेका म्हणजे काय?

आपण या सर्वाला 'जादू' म्हणून मोकळे होतो. इजिप्ती लोकांचा स्वतःचा शब्द होता 'हेका'. ज्या शक्तीने जग उत्पन्न झाले आणि जिच्यावर ते चालते ती शक्ती म्हणजे हेका. हेका नावाचा एक देवही होता. ही काही स्मशानात लपूनछपून करायची विद्या नव्हती. तिचे ग्रंथ देवळाला जोडलेल्या 'जीवनगृह' नावाच्या लेखनशाळेत नकलले जात आणि ते वाचून दाखवणारा पुरोहित प्रतिष्ठित समजला जाई. एका राजाने आपल्या मुलाला केलेला उपदेश इजिप्ती वाङ्मयात प्रसिद्ध आहे. त्यात असा विचार आला आहे की, परमेश्वराने माणसाला हेका दिली ती येणाऱ्या आघाताला परतवण्याचे हत्यार म्हणून.

रोग्याकडे जाणारी माणसे तीन प्रकारची असत. एक वैद्य, दुसरा सेखमेत देवीचा पुजारी आणि तिसरा ताईत-गंडे करणारा. या सेखमेतला सिंहिणीचे तोंड असे. साथीचे रोग तीच धाडते अशी समजूत, म्हणून ते मागे घ्यायलाही तिलाच सांगायचे. एबर्सच्या प्रसिद्ध वैद्यक-ग्रंथात या तिघांची नावे एकाच दमात घेतली आहेत, कारण तिघेही रोग्याची नाडी पाहण्यासाठी हात लावणारे. त्यांच्यात कोणी उच्च आणि कोणी नीच, कोणी शास्त्रीय आणि कोणी खुळा, असा भेद त्या काळी नव्हता.

ही हस्तलिखिते पपायरसावर लिहिलेली आहेत. नाईलच्या पाणथळीत वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीच्या या वनस्पतीच्या देठाच्या पट्ट्या काढून, त्या आडव्या-उभ्या एकमेकींवर ठेवून, दाबून वाळवल्या की कागदासारखा पत्रा तयार होतो. पत्रे जोडून लांबलचक गुंडाळी करायची. काजळीची काळी शाई, गेरूची तांबडी. मथळे आणि औषधांची मापे पुष्कळदा तांबड्या शाईने. ही लिपी वाचायची किल्ली शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाला १८२२ साली सापडली, तोवर दीड हजार वर्षे हे सारे मुके होते.

असल्या विद्येची एक पेटीच सापडली आहे. १८९५-९६ च्या हंगामात क्विबेल हा इंग्रज संशोधक लक्सरजवळ दुसऱ्या रामसेसच्या देवळाच्या आवारात खणत होता. तेथे त्या देवळाहूनही जुन्या एका थडग्याच्या विवरात लाकडी पेटी मिळाली. झाकणावर शाईने कोल्हा काढलेला. आत पपायरसाच्या गुंडाळ्या आणि बोरूंचा जुडगा. आसपास हस्तिदंताच्या रक्षक कांड्या, हाती साप धरलेली सिंहमुखी बाईची लाकडी मूर्ती, काशाचा एक नाग. पेटीला पावणेचार हजार वर्षे झाली असावीत. आता गंमत पाहा. त्या गुंडाळ्यांमध्ये बाळंतिणीचे आणि मुलांचे मंत्र आहेत, औषधे आहेत, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून इजिप्तमधील दोन अजरामर कथाही आहेत: परदेशी पळालेल्या सिनुहेची आणि न्यायासाठी अखंड बोलत राहिलेल्या शेतकऱ्याची. मला एकदम आजीचे फडताळ आठवले. त्यात पोथ्या, पंचांग, आरत्यांची चोपडी आणि 'मुलांच्या औषधांची वही' एकाच बासनात बांधलेली असत. हे वाङ्मय आणि हे वैद्यक, अशी फळी आजीने मध्ये घातली नव्हती. त्या पेटीच्या मालकानेही घातली नव्हती.

एकाच गुंडाळीच्या दोन बाजू

यावरून कोणी असा समज करून घेईल की, या लोकांना औषध म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. तर तसे मुळीच नाही. जर्मन पंडित गेओर्ग एबर्स याने १८७२-७३ च्या हिवाळ्यात लक्सरला विकत घेतलेली गुंडाळी आज लाइपझिगच्या विद्यापीठ-ग्रंथालयात आहे. ती सुमारे वीस मीटर लांब आहे आणि तीत पावणेनऊशेच्या आसपास उपाय नोंदलेले आहेत. मध, एरंडेल, कांदा, बाभळीची पाने, घटकांची मापे, किती दिवस घ्यायचे, सारे व्यवस्थित. पण या ग्रंथाचा आरंभ मात्र मंत्रांनी होतो. औषध लावताना काय म्हणावे, पट्टी सोडताना काय म्हणावे, औषध पिताना काय म्हणावे, हे आधी सांगून मग लेखक औषधांकडे वळतो. औषध आणि मंत्र हे एकाच गाडीचे दोन बैल होते.

याहूनही बोलका ग्रंथ म्हणजे एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली लक्सरलाच घेतलेली गुंडाळी. शिकागोच्या ब्रेस्टेड यांनी ती १९३० साली भाषांतरासह प्रसिद्ध केली. तीत जखमांची अठ्ठेचाळीस उदाहरणे आहेत. डोक्यापासून आरंभ करून लेखक खाली खाली येतो आणि पाठीच्या कण्यापाशी आला असता नक्कल करणाऱ्याने वाक्याच्या मध्येच लेखणी खाली ठेवली आहे! प्रत्येक जखम कशी तपासावी, बोटाने काय जाणवेल, रोग्याला मान वळवता येते का, हे सांगून झाल्यावर वैद्याने तीनपैकी एक निकाल द्यायचा. हे दुखणे मी बरे करीन. या दुखण्याशी मी झुंजेन. किंवा या दुखण्यावर उपाय नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हा प्रामाणिकपणा पाहून मान लवते.

या अठ्ठेचाळीस उदाहरणांत मंत्र किती? फक्त एक. कपाळाची कवटी फुटली असेल तर शहामृगाच्या अंड्याचे कवच चरबीत खलून जखमेवर लावावे आणि मंत्र म्हणावा, असे नवव्या उदाहरणात सांगितले आहे. कवटीला कवच, असा तो हिशेब. बाकी सर्वत्र शुद्ध निरीक्षण, पट्टी, टाके, मध.

पण हीच गुंडाळी उलटी करून पाहा. तिच्या पाठीवर ओळीने आठ मंत्र आहेत. ते कशावर? दर वर्षी येणाऱ्या साथीच्या रोगावर!

हे लक्षात आले आणि मला सगळ्या प्रकरणाचे मर्म उमगल्यासारखे झाले. डोक्यात दगड पडला, भाला लागला, माणूस उंचावरून कोसळला, तर कारण डोळ्यांना दिसते आणि हाताला काम मिळते. तेथे इजिप्ती वैद्य मंत्राकडे वळत नाही. पण ताप कोठून येतो? काल खेळणारे मूल आज डोळे का फिरवते? साथ एक घर सोडून दुसऱ्यात का शिरते? जंतू कोणी पाहिले होते? जेथे कारण दिसत नाही, हात रिकामे राहतात आणि तरीही बसून राहवत नाही, नेमके तेथे मंत्र सुरू होतो. गुंडाळीचे पोट म्हणजे माणसाला जे कळले होते ते, आणि पाठ म्हणजे जे कळले नव्हते ते. दोन्ही बाजूंना लिहिणारा हात मात्र एकच.

जाता जाता भाषेच्या शिक्षिकेला मौज वाटलेली एक गोष्ट सांगते. ब्रिटिश म्युझियममधील एका वैद्यकीय हस्तलिखितात काही मंत्र चक्क परक्या भाषेतले आहेत. एक तर 'केफ्तिऊ' लोकांच्या, म्हणजे बहुधा क्रीट बेटावरच्या लोकांच्या भाषेतला, इजिप्ती अक्षरांत उतरवून घेतलेला. न समजणारा मंत्र अधिक जालीम, ही समजूत किती जुनी आहे पाहा!

विंचवांच्या गराड्यातली आई

दिसणारे कारण आणि न दिसणारा परिणाम यांची गाठ पडते ती विंचवाच्या दंशात. नांगी दिसते, पण विष अंगात काय करते ते दिसत नाही. म्हणूनच इजिप्ती मंत्रांचा फार मोठा भाग विंचू आणि साप यांच्यावर खर्ची पडला आहे.

हा काही कल्पनेतला शत्रू नव्हता. राजांची थडगी खोदणारे कारागीर लक्सरसमोर देर-अल-मदिना या वस्तीत राहत. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व तेराव्या शतकात, त्यांच्या गैरहजेरीची नोंद चुनखडीच्या एका मोठ्या कपच्यावर केलेली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्याकडचे हजेरीबुकच म्हणा ना! एकाचे डोळे आले होते, एकजण घरी मद्य गाळीत होता, एकजण आईच्या प्रेताला मसाले भरण्यात गुंतला होता, आणि सेबा नावाच्या कामगारापुढे कारण लिहिले आहे: विंचू चावला. या वस्तीत विंचू उतरवणारा नेमलेला होता आणि त्याला सरकारी कोठारातून धान्य मिळे.

विंचू उतरवताना तो काय म्हणत असेल? याचे उत्तर पपायरसांवर आहे आणि पुढच्या काळात ज्या शिळांवर हेच मंत्र कोरले गेले त्यांच्यावरही आहे. त्यांतली सर्वांत सुंदर शिळा दुसऱ्या नेक्तानेबोच्या कारकिर्दीतली, म्हणजे इ. स. पूर्व ३६० ते ३४३ या काळातली. मुहम्मद अली पाशाने ती १८२८ साली ऑस्ट्रियाच्या मेटर्निखला भेट दिली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. बाल होरस मगरींवर उभा आहे, त्याने दोन्ही हातांत साप-विंचू धरले आहेत, आणि शिळा वरपासून खालपर्यंत मंत्रांनी भरली आहे. अशा शिळेवर पाणी ओतायचे, ते मंत्रांवरून ओघळत खाली आले की झेलून रोग्याला पाजायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मंत्र असा घोटाघोटाने पिता येई.

या शिळेवरची आयसिस देवीची कथा मुलांना सांगण्याजोगी आहे. नवऱ्याचा खून करणाऱ्या सेतच्या कैदेतून आयसिस निसटते. तिच्या रक्षणाला सात विंचू बरोबर असतात. संध्याकाळी ती एका गावात येते. एका श्रीमंत बाईच्या दारात जाते, तो विंचू पाहून ती बाई दार लावून घेते. पलीकडे दलदलीत राहणाऱ्या एका गरीब पोरीचे खोपटे असते. ती मात्र दार उघडून या पाहुणीला आत घेते. विंचवांना अपमान सहन होत नाही. सहाजण आपले विष सातव्याच्या, तेफेनच्या, नांगीत भरतात. तेफेन श्रीमंत बाईच्या दाराच्या फटीतून आत शिरतो आणि तिच्या मुलाला डंख मारतो. बाई मुलाला घेऊन गावभर आक्रोश करीत फिरते, पण कोणीही दार उघडत नाही.

येथे सामान्य गोष्टीचा शेवट झाला असता: उद्दामपणाला शासन मिळाले! पण ही कथा आईने आईसाठी रचल्यासारखी आहे. तो आक्रोश आयसिसच्या कानी पडतो आणि तिच्या पोटात कालवते. दार लावले ते आईने, मुलाचा काय दोष? ती मुलाला जवळ घेते, त्याच्यावर हात ठेवते आणि एकेका विंचवाला नावाने हाक मारून विष मागे घ्यायला लावते. मूल वाचते. ओशाळलेली श्रीमंत बाई आपले धन त्या गरीब पोरीच्या घरी पोचते करते.

याच शिळेवर पुढे आयसिसच्या स्वतःच्या मुलाला, होरसला, विंचू चावतो. जिने दुसऱ्याचे मूल वाचवले ती आता स्वतःच असहाय होऊन हंबरडा फोडते. तो ऐकून सूर्याची नाव आकाशात थांबते आणि थॉथ देव खाली उतरतो. होरस बरा होईपर्यंत उजेड पडणार नाही, असे तो विषाला बजावतो. होरस बरा होतो आणि सूर्य पुढे चालू लागतो.

आता या कथेचा रोग्याच्या उशाशी उपयोग काय? उपयोग असा की, मंत्र म्हणताना दंश झालेले मूल 'होरस' होते आणि त्याला मांडीवर घेतलेली बाई 'आयसिस' होते. बहुतेक सर्व इजिप्ती मंत्रांची ही युक्ती आहे. तुला झाले ते यापूर्वी देवाच्या मुलालाही झाले होते. त्याच्याही आईला काही सुचत नव्हते. आणि तो बरा झाला. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला सर्वांत मोठे भय असते ते आपण एकटे आहोत याचे. कथा ते भय काढून घेते. आम्ही वर्गात वाङ्मयाच्या प्रयोजनांची चर्चा करतो. पण या प्रयोजनाइतके निकडीचे प्रयोजन मला दुसरे आढळलेले नाही.

मात्र, इजिप्ती लोक कथा सांगून थांबले नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये सर्पदंशावरचा एक ग्रंथ आहे. सॉनरॉन या फ्रेंच विद्वानाने केलेली त्याची आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर १९८९ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक सापाचा रंग, आकार, दंशाची खूण, सूज, रोगी वाचेल की नाही, हे त्यात एखाद्या आधुनिक पुस्तिकेसारखे मांडले आहे आणि मग कांद्यासारखी औषधे दिली आहेत. मधूनमधून मंत्र आहेतच. पण मंत्र आहे म्हणून साप ओळखायचा कंटाळा केलेला नाही.

देवांनी लिहून दिलेली हमी

आणखी एका प्रकारच्या हस्तलिखितांविषयी सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. इ. स. पूर्व एक हजार ते सातशेच्या दरम्यान इजिप्तमध्ये मुलांसाठी खास ताईत करीत. पपायरसाची अगदी अरुंद, पण कधी कधी मीटरभर लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर बारीक अक्षरांत देवांनी दिलेले वचन लिहायचे, ती घट्ट गुंडाळून लहानशा नळीत घालायची आणि मुलाच्या गळ्यात बांधायची. एडवर्ड्स या इंग्रज पंडिताने १९६० साली यांतल्या पुष्कळ पट्ट्या वाचून प्रसिद्ध केल्या. मुलींसाठी केलेले ताईतही त्यांत बरेच आहेत, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

या पट्ट्या म्हणजे देवांनी आईबापांना लिहून दिलेला करारनामाच होय. देव स्वतः 'आम्ही' म्हणून बोलतात आणि कोणत्या कोणत्या संकटांतून मुलाला सांभाळू याची यादी देतात. साप, विंचू, ताप, वाईट नजर, प्रवासातले अपघात, अंगावर कोसळणारी भिंत! मातीच्या घरात राहणाऱ्या आईच्या मनातली ती भिंत आहे. मग डोक्यापासून तळपायापर्यंत एकेक अवयव निरोगी ठेवू असे वचन. वकिलाने करारात पळवाट राहू नये म्हणून कलमामागून कलम घालावे तसा हा मजकूर चालतो. आणि त्यात एक कलम असे की, खुद्द देवांच्या कोपापासूनही आम्ही या मुलाला वाचवू! देवाच्या सहीने देवाविरुद्धच हमी घेणारी आई मला तरी दुसऱ्या कोठे भेटलेली नाही.

हे ताईत वापरलेली सगळीच मुले मोठी झाली असतील का? अर्थातच नाही. त्या काळी तान्ह्या मुलांचे मरण घरोघरी होते. गळ्यात देवांचे वचन असतानाही पुष्कळ मुले गेली असतील. म्हणून त्या अरुंद पट्ट्यांकडे पाहताना मला हसू येत नाही.

रेघ कोठे ओढायची?

इथपर्यंत वाचून एखादा तरुण वाचक विचारील, "म्हणजे बाई, तुम्ही मंत्रतंत्राची तरफदारी करता की काय?" नाही हो! या बाबतीत मला लवमात्र संदिग्धता नको आहे, कारण येथे जिवाशी गाठ आहे.

आपल्या कोकणातला तांबडा विंचू जगातल्या अत्यंत विषारी विंचवांपैकी एक आहे. त्याच्या दंशाने हृदयावर ताण येऊन धडधाकट मुले दगावत, आणि वेळ जाई तो मांत्रिकाच्या दारात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रात्री-अपरात्री अशा रोग्यांच्या उशाशी बसून विष नेमके काय करते याच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध त्यावर गुणकारी ठरते हे दाखवले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. एडविन स्मिथच्या गुंडाळीतल्या त्या अनाम वैद्याचे हे सख्खे वारसदार आहेत, असे मी म्हणेन. गुंडाळीच्या पाठीवरची एक गोष्ट त्यांनी पोटाच्या बाजूला आणून लिहिली.

महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात याच बाबतीत एक कलम आहे, ते प्रत्येक घरात माहीत असावे. कुत्रा, साप किंवा विंचू चावला असता माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. यातला 'रोखून' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. रेघ नेमकी तेथे ओढलेली आहे. इजिप्ती वैद्याजवळ जेवढे औषध होते तेवढे त्याने आधी दिले, आणि वर मंत्र म्हटला. आज हाताशी औषध असताना जो मांत्रिकाकडे वेळ घालवतो, तो प्राचीनांचा वारसा चालवीत नाही. त्यांच्याइतकाही तो शहाणा नाही.

आणि औषध दिल्यानंतरचे काय? सुई टोचून झाली, बाटली लावून झाली, आता फक्त वाट पाहायची, त्या वेळेचे काय? सासूबाईंचा प्रश्न तोच होता, आणि त्याला उत्तर बर्लिनच्या त्या आईने देऊन ठेवले होते. त्या वेळी माणूस बोलतो. ज्याच्यावर माया आहे त्याच्यावर हात फिरवतो, त्याला गोष्ट सांगतो, अंधाराला 'नेऊ देणार नाही' म्हणून बजावतो. याने ताप उतरत नाही. पण उशाशी कोणीतरी आहे, हे तापातल्या माणसाला कळते.

गेल्या वर्षी सासूबाई न्यूमोनियाने आजारी पडल्या. ऐंशीच्या पुढचे वय. दवाखान्यात सारे उपचार व्यवस्थित चालू होते. नर्स येऊन औषधे देऊन जाई. मी रात्रभर खुर्चीवर बसून होते, आणि मला करण्यासारखे काहीच नव्हते. पहाटेच्या सुमारास माझ्या लक्षात आले की, माझी मूठ आपोआप वळली आहे आणि त्यांच्या अंगावरून हळूहळू फिरते आहे. मुठीत काहीच नव्हते. तोंडाने मी काय पुटपुटत होते, देव जाणे.

सासूबाईंनी डोळे उघडले. जरा वेळ माझ्याकडे पाहिले आणि खोल गेलेल्या आवाजात, पण अगदी स्पष्ट म्हणाल्या, "मीठ-मोहऱ्या नाही आणल्यास वाटतं?"

चार दिवसांनी त्या घरी आल्या. अँटिबायोटिक्सनी बऱ्या झाल्या, हे मी सांगायलाच नको. यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या नेहमीप्रमाणे नातवाला ओवाळतील. तो आता कॉलेजात जातो, सहा फूट उंच आहे, आणि असल्या गोष्टींवर त्याचा काडीमात्र विश्वास नाही. पण आजीचा हात पोचावा म्हणून तो मान मात्र खाली वाकवतो.